नंबर, रँक, नाव

11 जुलै 2024, गुरुवार. सकाळी साडेसहाला आप्पांच्या हातून चहाची बशी पडली. आईला वाटलं, हात भाजला. आप्पा बशी उचलायला वाकले, पण उजवा हात हललाच नाही. काय होतंय विचारलं तर तोंडातून नुसतं "हा… हा… हा".

गावातल्या डॉक्टरांनी साताऱ्याला न्या म्हणून सांगितलं. गाडी मिळेपर्यंत नऊ. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन बंद होतं. दुसऱ्या ठिकाणी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी पुण्याहून साताऱ्याला जाताना फोनवर कळलं. आमचं ते हुकलं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, 1981 ते 2005 मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. सातारा भागात निवृत्त जवानाला, हुद्दा कोणताही असो, मेजरच म्हणतात, तसे तेही गावाचे मेजर. त्यांची वाचा गेली आणि ती थोडीफार परत आणण्याच्या नादात आम्ही संगीतोपचारापर्यंत पोचलो. त्या दिवसांत मी रात्री जागून मोबाइलवर शोधायचे, पण ईसीएचएसचे, म्हणजे निवृत्त फौजींच्या आरोग्य योजनेचे, कागद आणि गाण्याची थेरपी अशा दोन्हीतून गेलेल्या माणसाचं मराठीत काही सापडलं नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. मी एका शाळेत हिशेब लिहिते, त्यामुळे आकडे जरा जास्त येतील.

आधी कागद. ज्या हॉस्पिटलात आप्पांना दाखल केलं ते ईसीएचएसच्या यादीत नव्हतं. अशा वेळी दाखल केल्यापासून 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवावं लागतं. हे आम्हाला सांगितलं कुणी, तर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी. 12 तारखेला दुपारी भावाच्या मित्रानं अर्ज नेऊन दिला आणि पोच घेतली. (भाऊ स्वतः तेव्हा सिक्कीममध्ये ड्युटीवर. तो पाचव्या दिवशी पोचला.) त्या पोचेच्या एका कागदावर पुढचा सगळा दावा उभा राहिला. नऊ दिवसांचं बिल 1,94,300 रुपये झालं, ते आम्ही भरलं. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, तातडीचं प्रमाणपत्र, कॅन्सल केलेला चेक असं सगळं ऑगस्टमध्ये दाखल केलं. तीन वेळा त्रुटी निघाल्या. एकदा तर औषधांच्या एका पावतीवर डॉक्टरांची सही नाही म्हणून अख्खी फाइल परत आली. पैसे जून 2025 मध्ये आले, 1,12,460. दर त्यांच्या यादीप्रमाणे लागतात, त्यामुळे पूर्ण बिल मिळेल ही आशा धरू नका. आणि फाइल देण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, पाठपोट.

घरी आले तेव्हा आप्पांच्या तोंडात "हा" आणि एक शिवी, एवढंच होतं. शिवी मात्र खणखणीत. आई शरमेनं अर्धी झाली, शेजारणी आल्या की ती त्यांना ओसरीवरूनच वाटेला लावायची. आप्पांना समजत सगळं होतं. "खिडकी लावू का?" म्हटलं की मान हलवायचे. बोलायला गेले की कपाळावर शिरा ताठायच्या, आणि शिवी यायची. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

15 ऑगस्टला सकाळी गावातल्या शाळेची प्रभातफेरी घरावरून गेली. पोरांनी घोषणा दिली, "छत्रपती शिवाजी महाराज की…" आणि आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, "जय!" आम्ही धावत आत गेलो. आईनं परत म्हणायला लावलं. नाही आलं. पोरं पुढच्या आळीला पोचली, तिथून पुन्हा घोषणा ऐकू आली आणि पुन्हा "जय".

खरं सांगायचं तर आनंद झाला तसा मला रागही आला. पस्तीस दिवसांनी पहिला शब्द आला तो पलटणीच्या युद्धघोषातला. आम्ही कुठेच नव्हतो.

सप्टेंबरात त्यांना पुण्याला माझ्याकडे आणलं. पालक पॉलिक्लिनिक, म्हणजे जिथे नाव नोंदलेलं असतं ते, बदलून घ्यायला 19 दिवस गेले. तुमचं ईसीएचएस कार्ड जुनं 32 केबीचं असेल तर आजच 64 केबीसाठी अर्ज करा. आईचं राहून गेलं होतं, त्यापायी दोन खेटे वाया गेले. मग नेहमीची वाट: पॉलिक्लिनिकचा डॉक्टर, त्याची चिठ्ठी, यादीतल्या हॉस्पिटलातला न्यूरॉलॉजिस्ट, त्याचं मत घेऊन परत पॉलिक्लिनिक, तिथून फिजिओ आणि स्पीच थेरपीचं रेफरल. रांगेसाठी सकाळी सातला निघायचं. डबा आणि पाण्याची बाटली न्या, आणि पेशंटला प्रत्येक वेळी न्यायची गरज आहे का ते आधी फोन करून विचारा.

स्पीच थेरपिस्ट तरुण मुलगी होती. तिनं मला त्या 'जय'चं कोडं उलगडून सांगितलं. आप्पांना झालेला तो ब्रोकाज ॲफेजिया, वाचा जाण्याचा एक प्रकार. डाव्या मेंदूतला वाक्य जुळवणारा भाग दुखावतो, समज बरीचशी शाबूत राहते. पण आकडे, शिव्या, आरत्या, घोषणा, तोंडात बसलेलं जे काही असतं ते दुसऱ्या वाटेनं येतं, आणि गाण्यात मेंदूची उजवी बाजूही कामाला लागते. बोलता न येणारी माणसं गाणं म्हणतात ती म्हणून. तिनंच न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपी शिकलेल्या एका मॅडमचा नंबर दिला आणि वर बजावलं, "रेफरल माझ्याकडचं चालू ठेवा. ते बंद करून तिकडे जाऊ नका."

ही म्युझिक थेरपी ईसीएचएसच्या रेफरलवर मिळेल का म्हणून पॉलिक्लिनिकमध्ये विचारलं. काउंटरवरच्या माणसानं दरांची यादी वरपासून खालपर्यंत बोटानं तपासली. त्याची काही चूक नव्हती, यादीत असं नावच नव्हतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदतीची चौकशी केली. तिथल्या बाईंनी नीट बसवून सांगितलं की पेन्शन आणि ईसीएचएस दोन्ही असल्यानं आम्ही त्या योजनेत बसत नाही. तेव्हा खिशातून. पहिल्या तपासणीचे 2,000, नंतर पाऊण तासाच्या प्रत्येक सत्राचे 1,200.

एक सावधगिरी. स्पीच थेरपिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती विचारून घ्या. म्युझिक थेरपिस्टसाठी तशी सक्तीची नोंदणी नाही, म्हणून कुठे शिकलात, किती महिने, पक्षाघाताचे किती पेशंट पाहिलेत, हे न लाजता विचारा. राग ऐकवून आजार बरा करतो म्हणणारे दोन महाभाग मलाही भेटले. एकानं फोनवरच, आप्पांना न बघता, तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलं.

14 ऑक्टोबरला पहिली तपासणी झाली. मॅडमनी पेटी उघडलीच नाही. तासभर नुसते प्रश्न, तेही आई कडून उत्तरं घेत. आधी गायचे का? भजनात टाळ धरायचे. रेडिओ? विविध भारतीवरची 'जयमाला', नोकरीत असतानाही आणि नंतरही. ऐकायला नीट येतं का? डाव्या कानानं जरा कमी, फायरिंगचा कान तो. त्या आप्पांना "काका" म्हणत होत्या, आणि दर काकाला आप्पांची भुवई चढत होती. मी हळूच सांगितलं, मेजर म्हणा. त्यांनी म्हटलं. आप्पा खुर्चीत ताठ बसले.

शेवटी त्यांनी विचारलं, "कुठला आवाज नको असतो?" आई म्हणाली, "फटाके." मीही मान डोलावली. दिवाळीत आप्पा कायम आतल्या खोलीत, दार लावून. पोरांना वाटायचं, आजोबा तुसडे. प्रश्न तिथेच संपला. तो तिथे संपायला नको होता, पण ते पुढे.

घरी द्यायचं काम होतं वीस वाक्यांची यादी. रोज खरंच लागतील अशी. मी शाळेतल्यासारखी यादी केली: पाणी हवंय, भूक लागली आहे, मला दुखतंय. पहिल्या सत्रात मॅडम "पाणी हवंय" गुणगुणायला लागल्या, आप्पा ढिम्म. आईला हसू आलं. म्हणाली, "ह्यांनी जन्मात कधी हवंय म्हटलं न्हाई." यादी फाडली आणि आईनं सांगितली तशी लिहिली. पानी आण. च्या दे. लाइट घालव. मोरीत जायचंय. त्या वीसांत आईनं शेवटी एक घातलं: जेवलीस का. पोस्टिंगवरून फोन केला की आप्पा पहिलं हेच विचारायचे.

पद्धत सांगते. मॅडम समोर बसायच्या, आप्पांचा डावा हात हातात घ्यायच्या आणि एकेका अक्षराला मांडीवर एक ठोका. दोनच सूर, एक खालचा आणि एक वरचा. आधी शब्दच नाहीत, फक्त हुंकार. मग दोघं मिळून "च्या-दे", मग मध्येच मॅडम गप्प होतात आणि आप्पांना एकट्यानं पूर्ण करायचं. मग त्या विचारतात, "काय पाहिजे?" आणि ठोका नुसता हातानं देतात. बरेच दिवसांनी सूर काढून घ्यायचा आणि साधं बोलणं उरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. एका "च्या दे"ला अकरा सत्रं लागली. इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर असतो ते वरच्या सुरात घेतात. आपल्या बोलण्यात तसा जोर नाही, म्हणून मॅडमनी आईला प्रत्येक वाक्य रागानं, लाडानं असं म्हणायला लावून मोबाइलवर घेतलं आणि त्यातला चढउतार उचलला. आप्पांचे सूर म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातले सूर आहेत, हे मला फार नंतर लक्षात आलं.

ही पद्धत 1973 साली बोस्टनमधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातल्या संशोधकांनी मांडली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी ह्या नावानं. मॅडमनी सहज सांगितलं आणि मी त्या रात्री वाचत बसले. अमेरिकेत संगीतोपचाराचा धंदाच मुळी फौजेच्या दवाखान्यांतून वर आला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी वाजवायला येणाऱ्या कलाकारांना नुसतं वाजवता येऊन भागेना, म्हणून शिक्षण सुरू झालं. पहिला पदवी अभ्यासक्रम 1944 चा, मिशिगनचा, आणि राष्ट्रीय संघटना 1950 ची. वॉल्टर रीड ह्या त्यांच्या लष्करी रुग्णालयाच्या केंद्रात मेंदूला मार लागलेल्या आणि युद्धाचा मानसिक धक्का घेतलेल्या सैनिकांसाठी संगीत, चित्रं, लेखन असे उपचार चालतात. मी दुसऱ्या दिवशी आप्पांना सांगितलं, "तुमच्यासारख्याच फौजींवर शोधलंय हे." त्यांनी हात झटकला. मला तर उगाच जरा बरं वाटलं.

चालण्याचं काम त्याच्या जोडीनं होतं. आप्पांची पावलं मिनिटाला 44 पडत होती, त्यातलं उजवं उशिरा आणि घासत. मॅडमनी फिजिओशी बोलून मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणारं ॲप, आधी त्यांच्याच 44 वर लावला. पाऊल ठोक्यावर पडायला लागल्यावर 48. एकदम वाढवायचं नाही, पाच-दहा टक्केच. आप्पांना हे बिलकुल पसंत नव्हतं. फौजेतलं तेज चल मिनिटाला 120 पावलांचं. 48 ची टिकटिक ऐकून त्यांनी अशा काही चेहऱ्यानं मोबाइलकडे पाहिलं की फिजिओचा मुलगाच ओशाळला. शेवटी मेट्रोनोम बंद करून तोच म्हणायला लागला, "बाएं… दाएं… बाएं", आणि तिसऱ्या फेरीला आप्पा स्वतः म्हणाले, "दाएं." उजवा पाय त्या शब्दावर बरोबर पडला. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सहाला परेड असते. वॉचमन हजेरीला उभा राहतो.

आता माझी चूक. 15 जानेवारी 2025 ला सेना दिनाचं संचलन पुण्यात झालं, खडकीला. टीव्हीवर आप्पांनी ते पूर्ण पाहिलं, बँडवर डाव्या हाताचा ठेका धरला. मी भारावले. लष्करी बँडच्या चाली शोधून पेनड्राइव्हमध्ये भरल्या आणि शुक्रवारी 17 तारखेला मॅडमना दिल्या. सगळ्या ऐकून बघितल्या नव्हत्या. चौथी चाल बिगुलाची होती, शोक शस्त्राच्या वेळची. साताऱ्याकडच्या कुठल्याही माणसाला ती कळते, तिरंग्यात गुंडाळून आलेल्या पेटीसमोर आम्ही ती लहानपणापासून ऐकलीय. आप्पांचा हात थांबला. कपाळ घामानं डबडबलं, नजर दारावर. मग डाव्या हातानं टेबल ढकललं आणि तीच शिवी, तीनदा.

पुढचे तीन आठवडे ते गेले नाहीत. रात्री उठून बसायचे. तेव्हा आईनं मला, वयाच्या चाळिशीला आलेल्या मुलीला, पहिल्यांदा सांगितलं की 1988 ला श्रीलंकेतून, शांतिसेनेतून, सुट्टीवर आले तेव्हा हा माणूस पंख्याच्या आवाजानं दचकून उठायचा. सोबतचा एक जण तिथे गेला होता. नाव तिला माहीत होतं, बाकी काही नाही. "विचारलं नाहीस?" म्हटलं. म्हणाली, "विचारून काय करायचं होतं?"

मॅडमनी स्वतःचीही चूक मान्य केली. नको असलेल्या आवाजांचा प्रश्न त्यांनी एका उत्तरावर सोडायला नको होता, आणि कुठलीही चाल आधी ऐकल्याशिवाय लावायला नको होती. तुमच्या घरी कुणी फौजी असेल तर ती यादी आधी करा: फटाके, हेलिकॉप्टर, बिगुल, विशिष्ट गाणं, विशिष्ट भाषा सुद्धा. त्यांनी हेही साफ सांगितलं की ह्या गोष्टीचा इलाज करणं त्यांचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागेल. त्याचं रेफरल मात्र पॉलिक्लिनिकमधून एका फेरीत मिळालं. आप्पा दोनदा गेले, झोपेची गोळी घेतली, तिसऱ्यांदा नाही म्हणाले. आम्ही ओढून नेलं नाही. बरोबर केलं का, माहीत नाही.

10 फेब्रुवारीला ते आपण होऊन चप्पल घालून दारात उभे राहिले. त्या दिवशी मॅडमनी काही वाजवलं नाही. टाळ पुढे ठेवले, आप्पांनी एक डाव्या हातात घेतला, दुसरा मॅडमनी धरला, आणि अर्धा तास नुसता "ज्ञानबा-तुकाराम" चालला. शब्द अर्धे यायचे. मी बाहेर बाकावर बसून शाळेची व्हाउचर तपासत होते, ती सगळी नंतर पुन्हा तपासावी लागली.

घरच्यांसाठी तीन-चार गोष्टी. दिवसातून तीन वेळा पंधरा मिनिटं, एका दमात पाऊण तास नको. माणूस शब्दाशी झटत असेल तर त्याचा शब्द आपण बोलून टाकायचा नाही. हे आईला सगळ्यात अवघड गेलं, बेचाळीस वर्षांची सवय. दिवसभर घरात गाणी लावून ठेवल्यानं काही होत नाही, उलट आप्पा वैतागायचे. महिन्यातून एकदा व्हिडिओ घ्या, कारण रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. आणि ज्यांना बोलता येतं पण समजत नाही अशा ॲफेजियाला ही पद्धत सहसा लागू पडत नाही, तेव्हा आधी निदान.

मार्चअखेरपर्यंत आठवड्याला दोन सत्रं, दिवाळी आणि ते तीन आठवडे सोडून 40. एप्रिल ते सप्टेंबर आठवड्याला एक, 22. तपासणीसकट 76,400 रुपये, रिक्षा वेगळी. आज वीसपैकी तेरा वाक्यं न अडखळता येतात, चार अडखळत. तीन येत नाहीत, मोरीचं त्यातच, म्हणून घंटी ठेवलीय. नवं वाक्य स्वतः जुळवणं अजून होत नाही, आणि ते कितपत होईल ह्याचा शब्द मॅडमनी कधीच दिला नाही. पावलं 78. शिवी गेलेली नाही.

"जेवलीस का" मे महिन्यात आलं, रात्री साडेनऊला, टीव्ही चालू असताना. मांडीवर एकेक ठोका, आणि एकेक अक्षर. आई म्हणाली, "व्हय, मगाशीच," आणि उठून आत भांडी घासायला गेली. भांडी सगळी आधीच घासलेली होती. मला ते "आक्का" म्हणतात, ते जूनमध्ये, अकराव्या महिन्यात.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो. उजव्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नव्हतं, डावा लावायचं ठरलं. रांग बाहेरपर्यंत. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "नाव?" मी तोंड उघडणार तोच आप्पांनी मला डाव्या कोपरानं मागे सारलं. हात मांडीवर आला, ठोका सुरू झाला, आणि त्यांनी फौजेत सांगतात तसं सगळं ओळीनं सांगितलं. नंबर, रँक, नाव. नंबर एकही आकडा न चुकता.

मुलानं वर पाहिलं. म्हणाला, "बाबा, नुसता अंगठा लावा."